वर्षावासाची लिंक

आबाजींच्या कॉम्प्युटरमध्ये अजून २०१० साल चालू होतं. आतला बटणाएवढा सेल मेलेला, त्यामुळे चालू केला की तारीख अकरा वर्षं मागे जायची आणि मीटिंगचं सॉफ्टवेअर उतरायलाच तयार व्हायचं नाही. अपेक्षानं मागचे स्क्रू काढून सेल बदलला, तारीख लावली, सॉफ्टवेअर उतरवलं. मग कळलं की ह्याला कॅमेरा नाही. कॅमेरा आणला, तर माइक नाही. आबाजी खुर्चीत बसून म्हणत होते, "कालपरत चांगला चालत व्हता गं." काल म्हणजे त्यांच्या नातवानं त्यावर शेवटचा पत्त्यांचा खेळ मांडला होता तेव्हा.

जनाबाईच्या घरी उलटी तऱ्हा. तिथे सगळंच होतं आणि सगळंच एका खोलीत चालू होतं. सुनेचा फोन, मुलाचा लॅपटॉप, दोन्हीवर तीच मीटिंग. एकाचा आवाज दुसऱ्यात शिरायचा आणि अशी किंचाळी फुटायची की शेजारचं कुत्रं उठून पळायचं. "एकानं बोलायचं, दुसऱ्याचं तोंड बंद ठेवायचं," अपेक्षानं समजावलं. जनाबाई म्हणाली, "आमच्या घरात हे कुनालाच जमायचं नाय." मागच्या आळीतल्या प्रियाचा लॅपटॉप कंपनीचा, काही उतरवायचं म्हटलं की पासवर्ड मागायचा आणि पासवर्ड ठाण्याच्या साहेबाकडे. तिला अपेक्षानं ब्राउझरमधूनच आत घातलं. एकाचा कॅमेरा तीन दिवस मेला म्हणून धरला होता, त्यावरची इवलीशी झापडी नखानं सरकवली तर जिवंत झाला.

हा सगळा खटाटोप कशासाठी, तर पोशीरच्या बुद्धविहाराला कुलूप होतं म्हणून. दुसऱ्या लॉकडाऊनचं वर्ष. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत वर्षावास. ह्या तीन महिन्यांत रोज संध्याकाळी सात वाजता विहारात वंदना, पंचशील आणि मग बाबासाहेबांच्या धम्मग्रंथाचं वाचन, ही पोशीरची बावीस वर्षांची रीत. वाचणारे एकच, अपेक्षाचे सासरे रामभाऊ. ठाकुरवाडीच्या घाटात रेल्वेचे गँगमन म्हणून जन्म काढलेला माणूस, पण ग्रंथापुढे बसला की मास्तरांनी मान खाली घालावी असं वाचायचा. आता विहार बंद, आणि रामभाऊंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. ऑपरेशनची तारीख करोनानं खाल्ली होती. तेव्हा वाचन होणार ते कॉम्प्युटरवर, आणि वाचणार दुसरं कोणीतरी.

ते दुसरं कोणीतरी आपणच, याबद्दल अपेक्षाच्या मनात तिळाएवढी शंका नव्हती. लग्न होऊन ती ह्या घरात आली त्याला अकरा वर्षं झाली. अकरा वर्षं विहार झाडला, मेणबत्त्या लावल्या, पहिल्या ओळीत बसून ऐकलं. अर्धा ग्रंथ तिला पाठ होता. कर्जतला ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात काम करायची, ते बंद पडलेलं, म्हणजे वेळही होता. आणि मामांनंतर, म्हणजे सासऱ्यांनंतर, जो वाचायला बसेल तोच पुढे वर्षानुवर्षं वाचणार, हे गावात न सांगता ठरलेलं होतं.

रामभाऊंनी जेवताना निकाल दिला. "दीक्षा वाचंल. गळा हाय तिला. आन अपेक्षा मशीन बघंल. तिच्याबिगर ते चालायचंच नाय."

कौतुकच होतं ते. पण असल्या कौतुकानं ताटातलं कालवण अळणी लागतं. दीक्षा म्हणजे धाकटी जाऊ. मिलिंदशी लग्न होऊन तीन वर्षं झाली, राहायची तिकडे खोपोलीला शिळफाट्यावर, सणावारी यायची. विहाराची केरसुणी कुठे ठेवतात हेसुद्धा तिला ठाऊक नव्हतं. कानामागून आली आणि तिखट झाली, ती अशी. अपेक्षा "बरं मामा" म्हणाली आणि भांडी घासायला बसली. त्या दिवशी भांडी जरा जास्तच लख्ख निघाली.

आणि दीक्षा वाचायची मात्र सुंदर. अपेक्षानं हे कोणापुढे कबूल केलं नसतं, पण कान खोटं बोलत नाहीत. ती ओळीच्या शेवटी सूर असा लांब सोडायची, अलगद, की पडद्यावरचे अडतीस चौकोन हलायचे थांबायचे. जनाबाई पदर डोळ्याला लावायची. मुंबई-पुण्याला गेलेली पोशीरची माणसं जोडली जायची. वाचन संपलं की एकेकाचा आवाज यायचा: "काय गळा हाय गं पोरीचा!" "रामभाऊ, सून नाय, रतन आनलंत!" अडतीस चौकोनांपैकी पंचवीस अपेक्षानं स्वतःच्या हातानं जोडले होते. दारोदार फिरून, मास्क लावून, लोकांच्या कीबोर्डमधली शेवेची भुकटी झटकून. तिच्याबद्दल एकच वाक्य यायचं, तेही कुरकुरीचं: "अपेक्षा, आमचं चित्र दिसत नाय गं."

बीळ खणणारी मुंगी आणि आयत्या बिळावर नागोबा, असं ती मनात म्हणायची. मग स्वतःचीच लाज वाटायची, आणि लाज वाटली म्हणून दीक्षाचा आणखी राग यायचा.

भाद्रपद लागला आणि मिलिंदची रात्रपाळी सुरू झाली. घरातला एकुलता स्मार्टफोन त्याच्याबरोबर कंपनीत जाऊ लागला, म्हणून दीक्षा घरातल्या जुन्या लॅपटॉपवरून वाचू लागली. पहिल्याच संध्याकाळी तिचा आवाज तुटला. शब्द यायचे, पण ओळीच्या शेवटी तिनं सूर लांबवला की तो मध्येच नाहीसा व्हायचा. ओठ हलतायत आणि खाली शांतता.

वाचन संपल्यावर दीक्षाचा तिच्या बटणांच्या साध्या फोनवरून फोन आला. "ताई, काय झालं असंल वो?"

अपेक्षाला पहिल्या मिनिटालाच कळलं होतं काय झालं ते. कर्जतच्या दुकानात एक पेटीचे मास्तर आले होते, माझ्या पेटीचा सूर पोरांना ऐकू जात नाही म्हणून. कॉम्प्युटरवरच्या त्या सॉफ्टवेअरमध्ये एक सोय आपोआप चालू असते, पंख्याची घरघर, मिक्सरचा आवाज दाबून टाकायची. मशीनला काय, न थांबणारा आवाज म्हणजे घरघर. लांबलेला सूर आणि पंखा त्याला सारखाच. ती सोय बंद करायची, की झालं. दोन टिचक्यांचं काम.

"नेट असंल गं," अपेक्षा म्हणाली.

हे तिनं ठरवून म्हटलं नाही. तोंडातून गेलं. गेल्यावर तिनं ते परत घेतलं नाही, एवढंच.

दुसऱ्या दिवशी दीक्षानं लॅपटॉपच्या डोंगलमधलं सिमकार्ड बदललं. तिसऱ्या दिवशी खिडकीत बसली. चौथ्या दिवशी शेजारणीकडून माइक आणला. पाचव्या दिवशी लॅपटॉप घेऊन इमारतीच्या जिन्यात बसली, आणि वरखाली करणारी माणसं तिच्यामागून पिशव्या घेऊन जाताना अडतीस जणांनी पाहिली. रोज फोन यायचा, "ताई, आज तरी बरं व्हतं का?" आणि रोज अपेक्षा म्हणायची, "थोडं व्हतं." पडद्यावर घाबरलेल्या दीक्षाचा चेहरा बघून तिला वाईट वाटायचं. वाईट वाटायच्या आधी क्षणभर बरं वाटायचं. तो क्षण फार गोड होता, आणि त्याच्यासाठीच ती दुसऱ्या संध्याकाळची वाट बघायची.

आठवड्यानं दीक्षा रडकुंडीला आली. "सगळं करून बघितलं वो ताई. लोक काय म्हनत असतील?"

"एक सांगू का?" अपेक्षा म्हणाली. "तू सूर फार ताणतेस. त्यानं तुटतं. सरळ वाच, बातम्या वाचतात तसं. लोकांना पन कंटाळा येतो गं एवढं लांबवलेलं."

पहिला भाग अर्धा खरा होता. दुसरा धादांत खोटा. पण एकाच ताटात वाढलं की कोण निवडत बसतं?

दीक्षा सरळ वाचू लागली. आवाज तुटायचा थांबला. तिनं आनंदानं फोन करून "ताई, तुमच्यामुळं झालं" असं सांगितलं, त्या रात्री अपेक्षा जेवली नाही. सासू येसूबाई म्हणाली, "पित्त झालं असंल." एका अर्थी तेच झालं होतं.

रामभाऊंना दिसत नव्हतं, त्यांना फक्त ऐकायचं असायचं. पाटावर बसून, मान तिरकी करून, ते सूर यायची वाट बघायचे आणि तो यायचा नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, "दीक्षाचा आवाज गेला गं. पोरीला काय दुखनं हाय का?" मग पाटावरून उठताना, "तिला इसावा दे. उद्यापास्नं तू वाच."

मिळालं. अकरा वर्षं जे हवं होतं ते उद्या संध्याकाळी सात वाजता मिळणार होतं. अपेक्षानं पांढरी साडी काढली, इस्त्री केली, लॅपटॉपखाली दोन पाट ठेवून कॅमेरा डोळ्यांसमोर आणला. वाचलं. चांगलं वाचलं, एक काना-मात्रा चुकली नाही. संपल्यावर आबाजी म्हणाले, "स्पष्ट वाचतेस." जनाबाई म्हणाली, "छान. दीक्षाला बरं नाय का?"

मग रोज तेच. छान, आणि दीक्षा कुठंय? आधी दीक्षा वाचत होती म्हणून जळायची. आता दीक्षा गप्प होती, तरी लोकांच्या तोंडात तीच. मत्सराचं पोट असं की घास मिळाला की भूक वाढते. दीक्षाचा चौकोन मात्र रोज असायचा, कोपऱ्यात, माइक बंद, पुढ्यात ग्रंथ उघडा. अपेक्षा वाचायची आणि ती ओळीवरून बोट फिरवायची.

आश्विनात सरकारनं देवळं-विहारं उघडायला परवानगी दिली. समारोपाच्या पौर्णिमेला पोशीरच्या विहाराचं कुलूप निघालं. मिलिंद दीक्षाला मोटरसायकलवरून घेऊन आला. चाळीसेक माणसं पांढऱ्या कपड्यांत, मास्क हनुवटीवर ओढून बसली. समोर बुद्धमूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, मेणबत्त्या, आणि लाकडी चौरंगावर ग्रंथ. आज कॉम्प्युटर नव्हता. रामभाऊंनी अपेक्षाला चौरंगापाशी बसवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "फुडल्या वर्षी बी हीच वाचनार. माज्या डोळ्यांचं काय सांगता येत नाय." लोकांनी टाळ्या वाजवल्या. दीक्षानंही वाजवल्या, अपेक्षाच्या अगदी मागेच बसून.

आधी पंचशील. एकानं म्हणायचं, मागून सगळ्यांनी. अपेक्षा महिनाभर रोज म्हणत आली होती; पण तिकडे सगळ्यांचे माइक बंद असायचे. आपण म्हणायचं, उत्तर ऐकू यायचं नाही, की पुढचं. इथे तिनं पहिलं शील म्हटलं आणि पाठीमागून चाळीस गळ्यांनी ते जसंच्या तसं परत आलं. दुसरं म्हटलं, तेही आलं. तिसरं म्हटलं. चौथं, मी खोटं बोलणार नाही, ते तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच राहिलं.

विसरली नव्हती. शब्द समोर उभे होते. पण हे आपण म्हणायचं आणि आपल्या मागून दीक्षानं म्हणायचं, हे तिच्यानं होईना.

लोक थांबले. कोणीतरी खाकरलं. येसूबाई कुजबुजली, "म्हन गं." तेवढ्यात मागून, मोठ्या जावेला सावरून घ्यावं म्हणून, घाईत, काही न ठरवता दीक्षानं सुरुवात करून दिली: "मुसावादा वेरमणी..."

आणि घाईत ती सरळ म्हणायचं विसरली. सूर सुटला. लांब, अलगद, मध्ये कुठेही न तुटता तो विहाराच्या पत्र्यापर्यंत गेला आणि तिथे राहिला. चाळीस माणसं मागून म्हणायचंच विसरली.

अपेक्षाच्या मनात पहिलं आलं ते पश्चात्तापाचं नव्हतं. हिचा गळा अजून तसाच आहे, हे आलं. इतकं करूनही.

रामभाऊंची मान तिरकी झाली होती. त्यांचे न दिसणारे डोळे भरले. "दीक्षाच ना गं ती?" ते म्हणाले. "आवाज तर हाय की! मंग इतके दिस काय झालं व्हतं?" ते चौरंगाच्या दिशेनं वळले, मशीनमधलं जिला कळतं तिच्याकडे. "अपेक्षा, तुला म्हायत असंल. काय बिघडलं व्हतं?"

उत्तर तयार होतं. एकच शब्द, नेट. सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या.

"काय नव्हतं बिघडलं, मामा," अपेक्षा म्हणाली. तिनं ग्रंथावरचा हात काढला. "लॅपटॉपमधी एक बटण व्हतं. ते बंद केलं की झालं असतं. मला पैल्या दिवसापास्नं म्हायत व्हतं. मी नाय सांगितलं."

दीक्षाचे हात जोडलेलेच होते. पाचवं शील म्हणायचं राहिलं होतं, आणि ते आता कोणी म्हणायचं, हे रामभाऊंनाही सुचेना.