डबीला शिकवलेली आगारी

दगूबाईंचं नाक तीन वर्षांपूर्वी तापाच्या साथीत गेलं ते गेलंच. ओट्यावर बसून धानोऱ्यात कुणाच्या घरी काय शिजतंय ते सांगणारी बाई, आणि आता तिला स्वतःच्या शेगडीवरचं दूध करपलेलं कळेना! यंदा माघात तर गॅसचं बटण अर्धं उघडंच राहिलं. वासानं शेजारच्या रेवाबाई धावत आल्या म्हणून निभावलं. तेव्हापासून नाशिकला नोकरी करणाऱ्या मुलानं, भाग्येशनं, एकच धोशा लावला: एकटी राहू नको, इकडे ये. दगूबाईंना घर सोडायचं नव्हतं.

तोडगा काढला नातीनं, दीपमालानं. कॅमेऱ्याला आजीनं आधीच उडवून लावलं होतं. "मी काय चोर शे का?" मग इंजिनीअरिंग शिकणाऱ्या या पोरीनं वास ओळखणारी डबी आणून स्वयंपाकघरात टांगली. काम चालू असताना बटण दाबून तिला नाव सांगायचं: चहा, फोडणी, भाकरी. पुढे डबी आपणहून ओळखणार आणि भाग्येशच्या फोनवर कळवणार. भाग्येशची अट एकच: महिनाभर सगळं सुरळीत गेलं तर माय धानोऱ्यात, नाही तर नाशिकला.

आणि डबी शिकली की! मिरच्या भाजल्या तर तिच्या छोट्या पडद्यावर 'मिरची'. मोरीत साबण लावला तर 'धुणं'. दगूबाई तोंडाला पदर लावून बघत राहायच्या. आपलं हरवलेलं नाक कुणीतरी भिंतीला टांगून दिलंय, असं त्यांना वाटे.

महिन्याचा शेवटचा दिवस नेमका आखाजीचा, अक्षय्य तृतीयेचा आला. पुरणपोळ्या झाल्या. पितरांना आगारी टाकायचा, निखाऱ्यावर घास द्यायचा मान मुलाचा, पण मुलगा लांब. म्हणून दगूबाईंनीच गोवरीचे निखारे काढले, नवऱ्याची आठवण काढली आणि तूप-पोळीचा घास त्यावर ठेवला. तीन वर्षं त्यांना हा धूर नुसता दिसत होता. वासच येत नाही, मग घास पोचतो तरी का, ही रुखरुख त्यांनी कुणाला सांगितली नव्हती.

डबी कोकलायला लागली. आगारी तिला कुणी शिकवलीच नव्हती! पडद्यावर लाल अक्षरं: 'काहीतरी जळतंय'. लगेच फोन वाजला.

"माय, काय जळी ऱ्हायनं? गॅस बंद कर!"

दगूबाईंना वाटलं, झालं, आता बांधा गाठोडं.

"आखाजी शे ना आज," त्या कशाबशा म्हणाल्या. "तुन्हा बापले आगारी टाकी मी."

भाग्येश आखाजी विसरला होता.

"माय," तो हळूच म्हणाला, "डबीले नाव सांग."

दगूबाईंनी बटण दाबून नाव सांगितलं आणि दुसरा घास ठेवला. तूप चुरचुरलं. डबी जरा वेळ गप्प राहिली, मग पडद्यावर अक्षरं उमटली: 'आगारी'.

म्हणजे वास होता! तिन्ही वर्षं होता.

"मन्हा फोनवर उनी माय, आगारी," भाग्येश म्हणाला. "मी हात जोडात. तू तठेच ऱ्हाय. पुढली आगारी मी येईसन टाकसु."

दगूबाईंनी वाटीतलं उरलंसुरलं तूप निखाऱ्यांवर ओतलं. धूर भिंतीकडे गेला, आणि त्यांनी डबीलाही हात जोडले.