मुकं बटण

मित्रांनो, मी एक जुना कीबोर्ड आहे. माझ्यावरची निम्मी अक्षरं झिजून पुसली गेली आहेत, पण माझ्या मालकिणीला त्यांची गरज कधी पडलीच नाही. तिच्या बोटांना माझी प्रत्येक कळ नावानिशी ठाऊक आहे. तिचं नाव संपदा.

माझा जन्म दूर देशातल्या कारखान्यात झाला. तिथली आठवण म्हणजे पट्ट्यावरून पुढे पुढे सरकत जाणं, एवढीच. नंतर जहाज, मग टेम्पो, मग तुळिंजच्या बाजारातलं संगणक जोडून देणारं एक छोटं दुकान. नव्वदीचं दशक संपत आलं होतं. एके दिवशी शरदचंद्र नावाचे एक गृहस्थ दुकानात आले आणि म्हणाले, "ज्याच्या कळा हाताला नीट लागतील असा कीबोर्ड द्या. माझ्या मुलीला दिसत नाही."

संपदाला जन्मापासून दिसत नव्हतं असं नाही. कॉलेजात असताना काचबिंदूने तिची नजर गेली. बाबांनी तिला संगणक आणून दिला, आणि पडदा वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही कुठून तरी मिळवलं. ती माझ्यावरची कळ दाबी आणि संगणक इंग्रजीत बोले. पहिल्याच दिवशी तिने स्वतःचं नाव टाइप केलं आणि संगणकाने ते वाकड्यातिकड्या उच्चारात म्हणून दाखवलं. ती इतकी हसली की स्वयंपाकघरात असलेले बाबा धावत आले.

पुढे तिला विरारच्या एका खाजगी इस्पितळात टेलिफोन ऑपरेटरची नोकरी लागली. तिथल्या कीबोर्डच्या कळा तिच्या बोटांना परक्या वाटल्या, म्हणून तिने मला पिशवीत घालून तिकडे नेलं. मित्रांनो, ती माझ्या आयुष्यातली सगळ्यात चांगली वर्षं. तिथल्या संगणकाच्या पडद्यावर तेव्हा नुसती अक्षरं असत. संपदा फोन उचले, माझ्यावर बोटं फिरवी, संगणक तिच्या कानात सांगे आणि ती पेशंटला डॉक्टरांची वेळ देई. गाडी हवी असली तर ती गेटवर फोन करी आणि रुग्णवाहिका निघे. आगाशी, वटार अशा आसपासच्या गावांतून फोन येत. लोक विचारत, "संपदाताईच बोलताय ना?" त्या प्रश्नाने तिचा चेहरा कसा खुलायचा!

शेजारच्या टेबलावर लिडिया बसे. ती एकदा म्हणाली, "तू सुट्टीवर असलीस ना, तर लोक माझा आवाज ऐकून फोनच ठेवून देतात गं!"

मग इस्पितळाचं सगळं काम नव्या वेबसाइटवर आलं. ती परेश नावाच्या तरुणाने बनवली होती. सगळे म्हणत, काय देखणी झाली आहे! पडद्यावर रंगीत चित्रं होती. चित्रावर माऊस नेऊन दाबलं की काम झालं. गेटवरचा फोन काढून टाकला गेला. आता गाडीच्या चित्रावर दाबलं की तिकडच्या यंत्रातून चिठ्ठी बाहेर येई आणि चालक निघे.

पण त्या चित्रांना कुणी नावं दिली नव्हती. संपदा माझ्यावरची कळ दाबत पुढे जाई आणि संगणक तिच्या कानात सांगे, "बटन. बटन. बटन." कोणतं बटण, कशाचं बटण, काही नाही. आणि गाडीचं चित्र तर माझ्या वाटेत लागतच नसे. ते फक्त माऊसचं ऐके. माझ्यावरची कुठलीही कळ दाबली तरी मी तिला तिथवर नेऊ शकत नव्हतो. एखाद्याचा हात धरून त्याला रोज त्याच्या दारापर्यंत पोचवावं, आणि एके दिवशी तिथे दारच सापडू नये, तसं झालं माझं.

परेश आला की संपदा त्याला थांबवी. "परेश, या बटणांना नावं दे ना. आणि गाडीचं बटण कीबोर्डवरून दाबता येईल असं कर."

"करू मॅडम, पुढच्या व्हर्जनमध्ये नक्की करू," तो म्हणे. तो वाईट नव्हता. त्याच्या मागे दुसरी कामं होती, आणि हे काम त्याला एकट्या संपदापुरतं वाटत होतं.

ती व्यवस्थापक रामनाथ यांच्याकडेही गेली. ते म्हणाले, "अहो, लिडिया आहे ना शेजारी? गाडीचं ती दाबेल. एवढ्यासाठी सगळं थांबवायचं का?"

म्हणून गाडी मागणारा फोन आला की संपदा हाक मारी, "लिडिया, गाडी!" आणि लिडिया हात लांब करून माऊस दाबी. फोनवर बोलताना संपदाचा आवाज पूर्वीसारखाच असे. पण फोन ठेवल्यावर तिची बोटं माझ्यावर नुसती पडून राहत. मला ते सहन होत नसे.

लिडियाच्या मावसभावाचं लग्न होतं. त्या शनिवारी ती रजेवर होती. तिच्या जागी येणारा माणूस दुपारी जेवायला गेला होता. फोन वाजला.

"बाय, गाडी पाठव गो लवकर! यांच्या छातीत दुखतंय. घामाने अंग नुसतं थबथबलंय." त्या वटारच्या आनंदीबाई होत्या.

"पत्ता सांगा आजी. घाबरू नका, गाडी पाठवतेच," संपदा म्हणाली. तिने पत्ता टाइप केला. मग तिने जोरात हाक मारली, "कुणी आहे का इथे?" चौकशीच्या खिडकीपाशीही कुणीच नव्हतं. इस्पितळातला दुसरा नंबर लावला, तो उचलला गेला नाही. ती माझ्या कळा भराभर दाबू लागली. बटन. बटन. बटन. मग तिने, जिने कधी माऊसला हात लावला नव्हता, त्याच्यावर झडप घातली. टेबलभर तो ओढत ती कुठेही दाबत सुटली. इकडे दाब, तिकडे दाब. संगणक भलतंसलतं बोलत होता. मित्रांनो, मी जागच्या जागी होतो, तिच्या मनगटाखाली, आणि माझ्यात शंभरावर कळा असून एकही तिच्या उपयोगाची नव्हती.

शेवटी कानावरचा हेडफोन भिरकावून ती उठली आणि भिंत चाचपत गेटकडे धावली. पुढचं मला नंतर लिडियाकडून कळलं. पायरीवर ती तोंडघशी पडली, ओठ फुटला, पण तशीच उठून गेटवर जाऊन ओरडली. गाडी निघाली, पण उशिरा. ती वटारला पोचली तेव्हा आनंदीबाईंचे यजमान गेले होते. वेळेवर पोचली असती तर ते वाचले असते का, हे डॉक्टरही छातीठोकपणे सांगू शकले नाहीत. ते न कळणं संपदाच्या उरावर कायमचं बसलं.

काही दिवसांनी आनंदीबाई इस्पितळात आल्या. रामनाथ यांनी परेशलाही बोलावून घेतलं होतं. सगळे संपदाच्या टेबलापाशीच उभे होते, म्हणून मला ऐकू आलं.

"तू फोन उचललास बाय. पाठवते म्हणालीस. मी दारात उभी राहिले गो वाट बघत. गाडी का नाही आली?"

संपदाचा फुटलेला ओठ हलला. "मला ते बटण दाबता आलं नाही आजी. मला दिसत नाही."

म्हातारीने हात पुढे करून संपदाच्या चेहऱ्यापाशी नेला, मग मागे घेतला. थोड्या वेळाने ती इतरांकडे वळली. "हिला दिसत नाही. मग ज्यांना दिसतं त्यांनी हिच्या हाताला लागेल असं का नाही केलं?"

परेश खाली मान घालून उभा होता.

त्याच आठवड्यात संपदाची नोकरी गेली. "माझा नाइलाज आहे," रामनाथ म्हणाले. "उद्या पुन्हा असं झालं तर?" तिने फक्त मला मागून घेतलं. शरदचंद्र आले, त्यांनी माझी वायर गुंडाळली आणि आम्ही तुळिंजला परतलो. घरी ती माझ्याकडे फिरकली नाही. माझ्यावर धूळ बसली. फोन वाजला की ती दचके आणि म्हणे, "बाबा, तुम्ही घ्या." जिच्या आवाजाने लोकांना धीर येई, ती घरातसुद्धा हळू बोलू लागली.

मग एका संध्याकाळी परेश आला. त्याच्या हातात सीडी होती. "ताई, वेबसाइटची नवी प्रत आणली आहे. यातून खरी गाडी निघणार नाही. एकदा बघाल का?" तो म्हणाला. संपदा कितीतरी वेळ उठलीच नाही. शेवटी बाबांनी माझ्यावरची धूळ पुसली आणि तिला हाताला धरून आणून बसवलं.

तिने कळ दाबली. "डॉक्टर्स, बटन." पुन्हा दाबली. "अपॉइंटमेंट, बटन." पुन्हा. "सेंड ॲम्ब्युलन्स, बटन."

तिचं बोट तिथेच थांबलं. मग तिने एंटर दाबलं. "ॲम्ब्युलन्स सेंट," संगणक म्हणाला. तिने परत मागे जाऊन पुन्हा दाबलं. पुन्हा. पुन्हा. मला वाटलं, ती आता माझी ती कळ मोडणार. बाबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला तेव्हा ती थांबली.

"याला किती वेळ लागला तुला?" तिने विचारलं.

परेश म्हणाला, "एक दुपार, ताई."

"एक दुपार," संपदा म्हणाली. "हे आनंदीबाईंना तू सांगशील की मी सांगू?"

दोघंही वटारला गेली. तिथे काय बोलणं झालं हे ना तिने कधी सांगितलं, ना मी विचारू शकलो. इस्पितळात तिची जागा भरली गेली होती. तिला परत कुणी बोलावलं नाही.

पण त्यानंतर ती रोज माझ्यापाशी बसू लागली. जी वेबसाइट तिच्याशी बोलत नाही, ती बनवणाऱ्यांना ती ईमेल लिहिते. बँकेची, तिकिटांची, परीक्षेच्या निकालांची. "तुमच्या चित्रांना नावं द्या. माऊस नसला तरी काम होऊ द्या." एवढंच, अगदी सभ्य शब्दांत. बहुतेकांकडून उत्तर येत नाही. काही जण लिहितात, पुढच्या वेळेस करू. ते वाचून दाखवलं जात असताना तिची बोटं माझ्यावर घट्ट आवळली जातात.

मित्रांनो, मी आता फार दिवस टिकणार नाही. दोन कळा अडकतात, एक तर दाबली तरी बोलत नाही. पण तुमच्यातले कितीतरी जण मोठे होऊन अशी वेबपानं बनवतील. ती देखणी बनवा, हरकत नाही. फक्त पूर्ण झाली असं म्हणण्याआधी माऊस बाजूला ठेवा, डोळे मिटा आणि आपलंच बटण आपल्याला सापडतं का ते पाहा. आणि कधी संपदा नावाच्या बाईचं ईमेल आलं, तर कृपा करून तिला 'पुढच्या वेळेस' असं लिहू नका. ती दुपार तिला त्याच दिवशी द्या.