घासीच्या नावाची डबी

आमच्या चहामळ्यातल्या वस्तीत कुणी थुंकी उघडी टाकत नाही. थुंकले की तत्काळ पायाने माती ओढायची. ज्याच्या हाती तुमची थुंकी, त्याच्या हाती तुमचा श्वास. अशा वस्तीत क्षयाची माहिती देत, खोकणाऱ्यांकडून बेडका मागत फिरणे माझ्या वाट्याला आले होते. मी पोहोचण्याआधीच दारे मिटत.

घासीदादा शेजारचा. त्याचा खोकला रोज आमच्या कुडातून आरपार येई. तान्ह्या लेकीला तो छातीशी घेऊन निजे. मला धास्ती त्या लेकराची होती.

त्याच्या बायकोला, जितियाभौजीला, मी डबी दिली. "दादाचा बेडका दे. औषध फुकट आहे, बरा होतो माणूस. आणि खिडकीवरचं पोतं काढ, वारा येऊ दे."

"वारा येऊ दे, का तुझी नजर?" ती म्हणाली. "थुंकीचं करतोस काय रे बाबू? चहात घालून साहेबाला पाजतोस?"

"यंत्राखाली बघतात."

"हो, आणि आत माझा नवरा नाचताना दिसतो!"

तरीही सकाळी डबी उंबऱ्यावर होती, फडक्यात घट्ट बांधलेली. इतके सहज? माझ्या मनात संशयाचे बारीक कुसळ रुतले. पण डबी पाठवली.

उत्तर आले: जंतू आहेत.

घासीदादा मीठ घातलेला लाल चहा पीत होता. ऐकून थबकला. "कसली डबी? मी कुठं थुंकलो?"

भौजीने चुलीकडे तोंड फिरवले.

"भौजी, कुणाची होती?"

"माझी. ह्यांचा श्वास तुझ्या हातात कशाला देऊ? मला काय, धुराचा ठसका नुसता." आणि मग, जंतू तिच्यातच आहेत हे तिच्या चेहऱ्यावर सावकाश उतरले, पण भीतीआधी तिथे संशयच पोहोचला. "मी दिली तेव्हा चांगली होती ती. वाटेत कुणाकुणाचे हात लागले?"



लेक रडू लागली. भौजीचे हात पुढे झाले आणि मध्येच थांबले. "पाजू का नको?"

"पाज. फक्त तोंडावर पदर धर. तिलाही डॉक्टरला दाखवू."

लेकीला घेत ती म्हणाली, "ह्यांची डबी भरते. पण तुझ्या हाती नाही द्यायची."

"जा, बघून ये मी कसा नाचतो ते!" घासीदादा हसला, हसू खोकल्यात बुडाले.

दवाखान्याच्या वाटेवर ती माझ्या मागून चालली, डबी पदराच्या गाठीत. मी वळलो की थांबे. "पुढं बघ!"

तपासनिसाने तिच्या आधीच्या थुंकीची काच तिला यंत्राखाली दाखवली. निळ्यावर लाल काड्या, तेच जंतू. ती कितीतरी वेळ वाकून होती.

"हे मीच टाकलेलं?"

"हो."

"आणि ह्यांच्यात?"

"ती डबी सोडाल, तर कळेल."

तिने गाठ सोडली. मग औषध देणाऱ्या बाईंपुढे तळहात पसरला.

"द्या गोळ्या. पण पाकीट माझ्यासमोर फोडा."