टबातलं तपकिरी पाणी

सकाळी नऊलाच शुद्धीवाल्याच्या खोलीची रांग जिना उतरून फुटपाथवर आली होती. आत प्लास्टिकच्या टबात पाय सोडून एकेकजण बसत होता. शुद्धीवाला पाण्यात मूठभर मीठ टाकी, वायरीची डबी बुडवी, बटण दाबी. दहा मिनिटांत पाणी चहासारखं तपकिरी. "निघालं! लशीचं विष निघालं!" तो आरोळी ठोके आणि बाहेरची माणसं हात जोडत.

रांगेत आक्का होती आणि तिची लेक. लेकीची दोन्ही मूत्रपिंडं निकामी, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. बापाकडून आलेलं दुखणं. बापही तिच्यासोबत डायलिसिसच्या खोलीत मशीनवर असायचा. करोनाच्या लशीचा एक डोस घेतला होता त्यानं. त्याला या टबात आक्कानंच आणून बसवलं, पुढचा डोस नको म्हणून तिनंच सांगितलं. गेल्या महिन्यात करोनानं तो सहा दिवसांत गेला.

आक्का रडली नव्हती. घरात भाजी दोन पातेल्यांत व्हायची, एक मिठाची, एक अळणी. आता कुठल्यात मीठ घातलं तेच तिला आठवत नसे.

लेकीचा दुसरा डोस उद्यावर आला होता.

"तुमचं मूत्रपिंड म्हणजे तुंबलेली मोरी," शुद्धीवाला लेकीला म्हणाला. "धडधाकट माणसाची लस लघवीवाटे जाते. तुमची कुठून जाणार? आतच कुजणार!"

लेकीनं मान हलवली. पाणीसुद्धा पेल्यानं मोजून पिणारी ती. आत गेलेलं बाहेर पडत नाही, हे तिला कुणी समजावून सांगायला नको होतं.

"आधी मी बसते. पाणी कढत असलं तर हिची कातडी सोलून निघेल," आक्का म्हणाली.

"किती डोस झाले, माई?"

"तीन."

पाणी तपकिरी झालं. "अरे बापरे! तीन डोसांचा गाळ! अजून दोन बैठका लागतील."

आक्का पाण्याकडे बघत राहिली. मग सपाट आवाजात म्हणाली, "मी एकही घेतलेला नाही."

"आई! तीनदा जाऊन आलीस की!"

"दारापर्यंत जायचे. सरबत पिऊन परत यायचे. सुईची भीती वाटते मला."

रांगेत कुणीतरी खुसकन हसलं. शुद्धीवाला सावरला. "घरातल्यांच्या लशीचं वारं लागतं, माई."

"बरं. आता पाय न घालता लाव."

"यंत्राला देह लागतो!"

"यंत्राला वीज लागते. ती भिंतीतून येते. हो बाजूला."

तिनं टब मोरीत ओतला, नवं पाणी घेतलं, मीठ टाकलं, डबी बुडवून बटण दाबलं. दहा मिनिटांत पाय न घालताच टबातलं पाणी तपकिरी झालं.

आक्कानं बटण बंद करून डबी उचलली. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या, कुरतडल्यासारख्या. तिनं बोट घासून हुंगलं. "गंज आहे हा. जन्मभर कपड्यांवरचे डाग काढले, मला नको शिकवूस."

रांगेतला वायरमन पुढे आला. "बरोबर आहे, आक्का. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की लोखंड भराभर झिजतं. पाय असोत नाहीतर नसोत."

दुसऱ्या दिवशी लसीकरणाच्या खोलीत लेकीनं विचारलं, "सिस्टर, लस माझ्या अंगात साठत नाही ना?"

"नाही. ती लघवीतून जायची वस्तूच नाही. शरीराला आजाराची ओळख करून देते, मग शरीरच तिला मोडून टाकतं. डायलिसिसवाल्यांना एका डोसात पुरेसं बळ येत नाही, म्हणून तर पुढचे डोस चुकवायचे नसतात. लस घेऊनही आजार होऊ शकतो, पण जिवावरचा धोका बराच कमी होतो. मशीनच्या सुया टोचतात तो हात नको, दुसरा पुढे करा."

"पुढचा डोस घेतला असता तर आमचे हे वाचले असते?" आक्कानं विचारलं.

सिस्टर म्हणाली, "खात्रीनं नाही सांगता येणार. पण वाचण्याची शक्यता वाढली असती."

आक्कानं बाही वर केली. "मलाही द्या. पहिलाच आहे." हे तिनं साऱ्या खोलीला ऐकू जाईल असं सांगितलं.

बाहेरच्या बाकावर एक म्हातारी कुजबुजली, "आक्का, त्या टबवाल्याकडे खरंच गुण येतो का हो?"

"जायचं तर जा. फक्त आधी पाय न घालता टब लावायला सांग, आणि उभी राहून बघ. नाही म्हणाला तर तिथून उठ आणि इथे ये. कुणीही काहीही दाखवलं तरी विचारायचं. मी विचारलं नव्हतं."