कार्डावरची खेळाडू

बल्लारपूरच्या एका कॉलेजात हर्षा अलोणे खेळ शिकवायची. मुलींचा बेसबॉलचा संघ तिनेच उभा केला होता. बेसबॉल म्हटलं की लोक आधी क्रिकेटबद्दल विचारत, मग चेंडू केवढा असतो ते, आणि शेवटी हमखास, 'यानं नोकरी लागते का?' हर्षा स्वतः विद्यापीठाकडून खेळलेली, त्यामुळे या प्रश्नांची उत्तरं तिला तोंडपाठ होती.

त्या वर्षी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा त्यांच्याच मैदानावर भरणार होती. प्राचार्यांच्या मनात आलं, उद्घाटनाच्या संचलनात सर्वांत पुढे एक मुलगी जुन्या काळच्या पोशाखात चालावी.

"सव्वाशे-दीडशे वर्षांपूर्वी बायका काय घालून खेळायच्या, ते शोधा मॅडम," ते म्हणाले. "लोकांना कळू द्या, हा काही कालचा खेळ नाही."

हर्षा कामाला लागली. पुरुषांचे पोशाख पटापट सापडले. छातीवर बटणांनी बसवलेलं ढालीसारखं कापड, त्यावर संघाचं अक्षर. आधी लांब पॅंट, पुढे गुडघ्यापर्यंतची तुमान आणि खाली रंगीत मोजे. आणि सगळं लोकरीचं, भर उन्हाळ्यात. बायकांचं मात्र अडलं. घोट्यापर्यंतचे झगे, उंच बूट, अशी वर्णनं वाचायला मिळाली, पण नीट दिसेल असं चित्र हाती लागेना.

मग अमेरिकेतल्या एका संग्रहालयाच्या साइटवर ती दिसली. तपकिरी रंगाचा, खेळायच्या पत्त्यापेक्षाही लहान फोटो. छातीवर दोरीने आवळलेला सदरा, आखूड घागरा, आडव्या पट्ट्यांचे मोजे, डोक्यावर तिरकी टोपी, खांद्यावर बॅट. हनुवटी वर करून ती अशी काही बघत होती की हर्षाने तो फोटो मोबाइलच्या पडद्यावरच लावून टाकला. नाव कुठे दिलेलं नव्हतं. हर्षाला वाटलं, ही आपली पणजी.

बाजारातल्या मनकर्णाबाई शिवणकामाला तयार झाल्या, पण कुरकुरत.

"हा सदरा होय का झबलं? अन् रंग कोनता?"

"फोटोत कळत नाही हो."

"मंग मेलेल्या मानसाले इचारू का?"

शेवटी मरून रंग ठरला, पांढऱ्या पट्ट्यांसह. घागरा हर्षाने पोटरीपर्यंत वाढवून घेतला.

पोशाख बसला नंदिनी कोडापेला. नंदिनी शेवटच्या वर्षाला होती, संघाची पिचर, म्हणजे चेंडू टाकणारी. पोंभुर्ण्याच्या पलीकडच्या गावातून रोज बसने यायची. घरी धानाची थोडी शेती होती आणि मोसमात मोहफुलं, तेंदूपत्ता. मैदानावर तिचा एक फोटो काढला गेला. खांद्यावर बॅट, हनुवटी वर. संध्याकाळपर्यंत तो जिल्हाभरातल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर फिरू लागला. प्राचार्य इतके खूश झाले की म्हणाले, आता एक नको, अख्ख्या संघालाच शिवा.

मनकर्णाबाईंनी हात वर केले. "पयल्याची पाठ मी मनानंच शिवली. आता एवढे शिवाचे, त मांगून कसं होतं ते पाहून सांगा."

हर्षाने दुपारच्या सुट्टीत स्टाफरूममध्ये डबा बाजूला सारून पुन्हा ती साइट उघडली. फोटोखाली एक बारकासा बाण होता. त्यावर लिहिलं होतं, मागची बाजू. इतके दिवस तिने तो दाबलाच नव्हता. आता मुलीची पाठ दिसेल म्हणून तिने दाबला.

दिसली ती कार्डाची पाठ. वेलबुट्टीच्या अक्षरात एका सिगारेट कंपनीचं नाव, आणि अशा किती मुलींची कार्डं गोळा करता येतील त्याची जाहिरात. खाली संग्रहालयाची टीप. हर्षाने ती एकदा वाचली, मग शब्दकोश उघडून पुन्हा वाचली. ही कार्डं सिगारेटच्या पाकिटात घालत. पाकीट वाकू नये म्हणून, आणि गिऱ्हाइकाने पुढचं पाकीट घ्यावं म्हणून. मुली स्टुडिओत पैसे देऊन उभ्या केलेल्या. पोशाख फोटोपुरता. असा कुठलाही संघ नव्हता.

तिने फोटो पुन्हा समोर आणला आणि बोटांनी मोठा केला. बॅटीवरचे हात उलटे होते. वरचा खाली, खालचा वर. अशा पकडीने कुणी चेंडू मारू शकत नाही. पोरींना पहिल्या दिवशी पकड शिकवणाऱ्या बाईला हे एवढे दिवस दिसलं नव्हतं. आणि फोटो हुबेहूब यावा म्हणून तिने नंदिनीलाही तसेच हात धरायला लावले होते.

"तब्येत बरी नाही का?" शेजारच्या बाईंनी विचारलं. हर्षाने मोबाइल टेबलावर पालथा ठेवला आणि नुसती मान हलवली.

चार वाजता ती मैदानावर गेली. आज पोरींना सगळं सांगायचं, असं ठरवूनच. नंदिनी उशिरा आली. बॅग न उतरवताच तिने मोबाइल पुढे धरला.

"मॅडम, हा फोटू तुम्ही देल्ला का?"

पडद्यावर तिच्या गावचा एस.टी. थांबा होता; ती बसने निघाल्यावर गावातल्या कुणीतरी फोटो पाठवला होता. थांब्याजवळ पानठेला आणि ठेल्यावर टांगलेला फ्लेक्स. त्यावर नंदिनी. मरून सदरा, उलटे हात. शेजारी सुगंधी तंबाखूची पुडी, आणि वर लिहिलेलं: 'एक पुडी, थेट सिक्सर!'

दुपारी वाचलेली टीप आणि हा फ्लेक्स, दोन्ही एकावर एक चढून हर्षाच्या डोळ्यांसमोर आले.

"देल्ला असन त सांगा," नंदिनी हळूच म्हणाली. "मी रागावत नाई."

"नाही गं. मी नाही दिला." हर्षा म्हणाली. मग तिने कार्डाची हकीकत सांगितली, मागच्या बाजूसकट.

"मंजे तिलेबी अशीच इकली," नंदिनी म्हणाली. "चला, जाऊ."

स्कूटीवरून दोघी तासाभरात गावात पोचल्या. मोबाइलवर दिसला त्यापेक्षा फ्लेक्स कितीतरी मोठा होता. ठेल्याचा मालक, झाडू नावाचा, सुपारी-तंबाखूचा खर्रा घोटत होता. हर्षाने जाब विचारला, तेव्हा त्याला तिच्या चढलेल्या आवाजाचंच नवल वाटलं.

"एजंटनं फुकट देल्ला, मॅडम. पुऱ्या तालुक्यात लावून राह्यला तो."

"यात कोण आहे माहीत आहे ना?"

"म्हनजे काय? आमच्याच गावची पोरगी. म्हनून त समोर लावलो."

तेवढ्यात बाकावरून नंदिनीचे वडील उठून आले. वारलूभाऊ. गाल खर्ऱ्याने फुगलेला, डोळ्यांत आनंद मावत नव्हता. येताना सबंध रस्ता हर्षा धास्तावली होती, बाप चिडेल, पोरीचा खेळ बंद करेल. त्या रागापुढे काय बोलायचं हे तिने जुळवून ठेवलं होतं.

"पाह्यलीस का बाई?" वारलूभाऊ लेकीला म्हणाले. "सकाळधरनं गावभर सांगून राह्यलो. सरपंचाले हात धरून आनलो इथी. आमच्या खानदानात कोनाचा एवढा फोटू लागला नाई."

या आनंदासाठी हर्षाकडे एकही शब्द नव्हता.

नंदिनी बापाजवळ गेली. "बा, मी इथी खर्रा इकून राह्यली."

"नाई वो. तू त खेळून राह्यली."

"कोनी इचारलं मले? लोकं पुडी घेतीन, माह्या तोंडाकडं पाह्यतीन, अन् इथीच थुकतीन."

वारलूभाऊंच्या तोंडात रस साचला होता. थुंकायला त्यांनी सवयीने मान वळवली आणि अर्ध्यावरच थांबले. फ्लेक्सच्या खालच्या कडेला लाल शिंतोडे होते. त्यांनी ते पाहिले. मग तोंडातलं सगळं गिळून टाकलं. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं.

कुणाला काही न विचारता ते बाकावर चढले आणि कमरेला खोचलेल्या विळ्याने दोऱ्या कापल्या. वारलूभाऊंनी फ्लेक्स जमिनीवर पसरला, पंच्याने शिंतोडे पुसले आणि चेहरा आत राहील अशी घडी घातली.

पुढे पोलिसांत तक्रार झाली. काही ठिकाणचे फ्लेक्स उतरले, काही राहिले, एजंट सापडला नाही. हर्षाने प्राचार्यांना कार्ड दोन्ही बाजूंनी दाखवलं. ते चष्मा पुसत म्हणाले, "आपला रोजचाच पोशाख बरा." मुली संचलनात निळ्या जर्सीत चालल्या.

हर्षाने संग्रहालयाला त्या मुलीचं नाव विचारलं. माहीत नाही, असं उत्तर आलं.

स्पर्धेला वारलूभाऊ पहिल्यांदाच मैदानावर आले आणि कडुनिंबाखाली बसले. खेळ त्यांना कळत नव्हता. नंदिनीने सलग तिसरा चेंडू टाकला, समोरची मुलगी हवेतच बॅट फिरवून परत निघाली, तेव्हा त्यांनी हर्षाला विचारलं, "आता काय झालं, मॅडम?"

"तीनदा हुकली ती. तुमच्या पोरीनं तिला बाद केलं."

"असं का," ते म्हणाले आणि पुढे सरकून बसले.