जरा उचलून ढकला

मी एक जुना दरवाजा आहे. मित्रांनो, दरवाजाकडे सांगण्यासारखे काय असणार, असे तुम्हाला वाटेल. मलाही तसेच वाटते. शिवाय मी काही कोरीव कामाचा, पितळी कड्यांचा दरवाजा नव्हे. साधा चार फळ्यांचा, आणि त्यातही सदोष. तरी आठवते तेवढे सांगून पाहतो.

मला घडवले ते घरातल्या मुलांच्या मामाने. तो सुतार होता. हात चांगला, पण घाई फार. बहिणीला महिनाअखेर नव्या घरात राहायला यायचे होते, म्हणून लाकूड पुरते वाळण्याआधीच त्याने मला चौकटीत बसवले. वर्षभरात मी एका बाजूने झुकलो आणि फरशीवर घासू लागलो. मूठ धरून जरा वर उचलायचे आणि गुडघ्याने ढकलायचे, तेव्हा कुठे मी उघडत असे.

मला याची फार लाज वाटे. पाहुणे बाहेर उभे राहून धक्के देत आणि आतून सगळे एका सुरात सांगत, "जरा उचलून ढकला."

मुलांचे बाबा पुस्तकबांधणीचे काम करत. ते दर आठवड्याला म्हणत, "या रविवारी याला रंधा मारतोच. तुझ्या भावाने दार केलंय की घोरणारा म्हातारा?"

"माझ्या भावाने दार केलं तरी," आई स्वयंपाकघरातून म्हणे. "तुम्ही खिडकीला पडदा लावणार होतात, तो कुठल्या रविवारी?"

बाबा हसत आणि हातातले पुस्तक पुन्हा उघडत. तो रविवार काही उगवला नाही.

हळूहळू मला एक गोष्ट कळली. घरचे कोण आणि परके कोण, हे मला पहिल्या स्पर्शातच समजे. बाबांच्या बोटांना खळीचा चिकटपणा असे. आईचे दोन्ही हात पिशव्यांनी भरलेले, म्हणून ती मूठ कोपराने उचले आणि कमरेने ढकले. मोठा मुलगा, त्याला सगळे दादा म्हणत, बूट घातलेला पाय गुडघ्यापर्यंत उचलून लाथच मारी. धाकटीचा हात मुठीपर्यंत जेमतेम पोहोचे. ती टाचा उंचावून मुठीला लोंबकळे आणि तिचा गुडघा माझ्या अगदी खालच्या फळीला लागे. माझ्या घासण्याच्या आवाजावरून आई चुलीपाशी बसून सांगे, "दादा आलाय. आणि निकाल काही बरा दिसत नाही, बघा किती हळू उघडतोय."

मी मिटलेला असलो की माझी एक बाजू घराकडे असे आणि दुसरी रस्त्याकडे. समोरून एक उतार पुलापर्यंत जाई. कोपऱ्यावर पाववाल्याची भट्टी होती. सकाळी तिचा वास माझ्या फटींतून आत शिरे आणि मुले हाक न मारता उठत. शाळा सुटल्याची घंटा झाली की धाकटी त्या उतारावरून धावत घरी येई. तिच्या पावलांचा आवाज मला पुलापासून ऐकू येई. आता त्या उतारावर काय आहे कोण जाणे.

मुले मोठी झाली, लांब गेली. बाबा वारले. आई दादाकडे राहायला निघाली त्या दिवशी तिने मला कुलूप लावले, तळहात माझ्यावर जरा वेळ ठेवला आणि ती मागे न बघता उतरून गेली.

नव्या मालकाने पहिल्याच आठवड्यात माझी खालची कड रंधून टाकली आणि मला निळा रंग दिला. मी अलगद उघडू लागलो. "काय सुरेख दार आहे," असे जो तो म्हणे. मित्रांनो, माझ्या आयुष्यातले ते पहिले कौतुक. पण कोण आले, कोण गेले, हे आता घरात कोणाला कळत नसे. मलाही नीटसे कळत नसे. सगळे एकाच बोटाने मला ढकलत.

पुढे रस्ता रुंद झाला आणि घर पाडले. मी चौकटीसकट जुन्या लाकडाच्या वखारीत आलो. तिथे मला दोन खांबांच्या मधे उभे केले होते. मागे ठेवलेल्या फळ्यांकडे जायचे तर मला उघडूनच जावे लागे. एका सकाळी वखारवाला आपल्या सुताराला म्हणाला, "या निळ्याला गिऱ्हाईक नाही. उद्या चिरून टाक, पेट्यांना फळ्या होतील."

त्याच दुपारी एक बाई आणि तिचा भाऊ कपाटासाठी फळ्या बघायला आले. दोघांचेही केस पिकले होते. मी ओळखले नाही, खोटे कशाला सांगू.

"ढकला, उघडंच आहे," वखारवाला म्हणाला.

बाईने मूठ धरली, मला वर उचलले आणि गुडघा लावला. मी सपकन उघडलो आणि ती पलीकडे पडता पडता वाचली.

भाऊ हसला. "अजून जात नाही का गं तुझी खोड?"

"घरीसुद्धा असंच करते. मुलं हसतात मला." ती थांबली. तिचा हात अजून माझ्या मुठीवरच होता. मग ती वाकली आणि निळ्या रंगावरून बोटे फिरवू लागली. "दादा, इकडे ये. हात लाव इथे."

वर्षानुवर्षे गुडघे आणि बूट लागून माझ्या लाकडाला तीन उथळ खळगे पडले होते. रंगाने ते झाकले होते, बुजवले नव्हते. दादाने वाकून एकेक खळगा चाचपला. मग म्हणाला, "हा मधला माझा. आई किती ओरडायची."

"काय झालं? कीड लागलीय का?" वखारवाल्याने विचारले.

"नाही," धाकटी म्हणाली. "फळ्या राहू देत. आम्हाला हे दार द्या."

आता मी तिच्या पुस्तकबांधणीच्या कारखान्याला आहे. तिने बाबांचाच धंदा धरला आहे, त्यामुळे खळीचा वास पुन्हा माझ्या अंगाला लागतो. पण माझ्यामागे आता ते घर नाही, पुढे तो उतार नाही. कितीही उघडलो तरी तिथे पोहोचवणे मला जमणार नाही.

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंना जपा. बिजागऱ्यांना तेल द्या. पण एखादी वस्तू अडत असेल, तर ती नीट करण्याआधी तिला कोणाकोणाचे हात ओळखतात, एवढे विचारून घ्या. माझ्यासारख्याने शिकवावे असे नाही, पण राहवले नाही.

गेल्या आठवड्यात आई आली. तिला आता नीट दिसत नाही. तिच्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. तिने कोपराने मूठ उचलली, कमरेने ढकलले, आणि मी आवाज न करता उघडलो. ती दारातच उभी राहिली.

"घासत नाही की गं," ती म्हणाली. "ह्यांचा रविवार आला म्हणायचा एकदाचा."

मग पिशव्या न ठेवताच ती बाहेर गेली, आणि मला उचलून पुन्हा एकदा आत आली.