मुद्रिकाची थाप

दिंद्रुडला सत्यशीलाच्या घरात फेकून द्यायची म्हणून वस्तूच उरली नव्हती. धाकटी आरोही बारावी झाली, पुढं शिकवायचं की लग्नाचं बघायचं हे ठरेपर्यंत घरी बसली, आणि मोबाईलमध्ये बघून बघून तिला घर सजवायचं असं याड लागलं की बाटली रिकामी व्हायचा उशीर, तिच्यावर सुतळी चढायची, फाटलेलं लुगडं पडदा होऊन खिडकीला लागायचं, आइस्क्रीमच्या काड्यांचा दिवा व्हायचा आणि कीर्तनाच्या जुन्या सीड्या भिंतीवर मोराच्या पिसाऱ्यासारख्या चिकटायच्या. बाप गहिनीनाथ उसाच्या ट्रॅक्टरवर. हंगामात घरी यायचा तो पाव्हण्यासारखाच, आणि आला की आधी दारात उभा राहून घर आपलंच आहे ना, याची खात्री करून घ्यायचा.

"माझी चाळणी कुठंय गं?"

"तिचं कडं घेतलंय, आई. जाळी फाटलीच होती की."

"मलाबी एकदा सुतळी गुंडाळून कोपऱ्यात उभी कर. म्हंजे सुटले."

त्या चाळणीच्या कड्याला आरोहीनं बांगड्या टांगल्या. बांगड्या थोरल्या मुद्रिकाच्या, वडवणीला दिलेल्या लेकीच्या. पंचमीला ती माहेराला आली तेव्हा दारोदार फिरणाऱ्या बांगड्यावाल्या अकबरीनं तिला नव्या भरल्या. एरवी जुन्या बांगड्या हातातल्या हातात वाढवाव्या लागतात, म्हणजे फोडाव्याच लागतात, पण तसं म्हणू नये. मुद्रिकाच्या मात्र हात खाली केल्याबरोबर सगळ्याच्या सगळ्या अख्ख्या सरकून अकबरीच्या मांडीवर येऊन पडल्या. "पोरीचा हात लई वाळला की, बाई," अकबरी म्हणाली. मुद्रिका नुसती हसली. मग दिवाळीला सासरच्यांनी तिला पाठवलं नाही, घरात काम आहे म्हणाले, आणि फोन लावला की तो सासूच उचलायची. सत्यशीलाच्या जिवाला तेव्हापासून एकच घोर होता. पोरगी बरी आहे का? आणि हे विचारायचं कुणाला, तर ज्यांच्या घरात ती आहे त्यांनाच.

आरोहीनं तंगूसाच्या दोऱ्यानं त्याच जुन्या हिरव्या-लाल बांगड्या खालीवर ओवल्या आणि ते झुंबर सैपाकघराच्या चौकटीत लावलं. दिसायला चांगलं होतं, पण सत्यशीला तसं म्हणाली नाही. पोरी तेवढ्यानं शेफारतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात सडा टाकत होती तर आतून भाकरी थापल्याचा आवाज आला. तिला आधी बरं वाटलं, मग नवल वाटलं, कारण आरोही दिवस वर आल्याशिवाय उठणाऱ्यातली नव्हती. पाण्याची बादली तशीच ठेवून ती आत गेली. आरोही तोंडावर पांघरूण घेऊन पडलेली, तवा उभा, चूल गार. पडदा हलत नव्हता आणि बांगड्या हलत होत्या.

वाऱ्यानं वाजणारी वस्तू कशीही वाजते, तिला ताळ नसतो. ह्याला होता. झटक्यात दोन थापा, एक गिरकी, मग जरा थांबून मनगटाचा हिसका, बांगड्या मागं सारायला. बाईची थाप तिच्या बोलण्यासारखी असते; अंधारात, भिंतीपलीकडून, गावात कुठंही आईला ती ओळखू येते. सत्यशीलाची स्वतःची थाप जड, एकसारखी. आरोहीची तर थाप नव्हतीच, ती नुसती भाकरीला मारायची. आणि ही जी चालली होती ती मुद्रिकाची. पीठ मळायच्या काथवटीपुढं गुडघा मोडून बसायला लागली तेव्हापासूनची.

आरोही उठून बसली. "आई, कोण करायलंय?"

"वारं हाय," सत्यशीला म्हणाली, आणि तिथंच खाली बसून थाप थांबेपर्यंत ऐकत राहिली.

मग रोज सकाळी ते सुरू झालं. एकदा तिनं थाप चालू असतानाच वडवणीला फोन लावला, तर विहीण बायनाबाई म्हणाली, "आता न्हाई यायची फोनवर, भाकरी करायलीय." सत्यशीलाच्या डोळ्याला धार लागली. तिकडं हात हलतोय तो इकडं वाजतोय, एवढंच तिला कळलं आणि तेवढं तिला पुरलं. त्यानंतर ती सकाळचा चहा घेऊन चौकटीशी बसू लागली, आणि जास्त वेळ थाप चालली की स्वतःशीच म्हणायची, आज त्यांच्याकडं पाव्हणे आलेले दिसतात. हलकी पडली की म्हणायची, पोरीचं अंग कसकसतंय.

आरोहीला ते सोसेना. "मी काढते गं ते. मला जेवण जाईना."

"हात लावशील तर बघ. मोडीन."

"बनवलं तर मीच ना?"

"बनवलंस तू. वाजवायलीय कोण?"



एके दिवशी सकाळी अकबरी गल्लीतून टोपली घेऊन चालली होती, ती बांगड्यांचा आवाज ऐकून दारात थांबली. "मुद्रिका आलीय वाटतं. बोलवा, हात बघू दे तिचा." असं म्हणत ती आत डोकावली. चौकटीतल्या बांगड्या बघितल्या, मग टोपली पुन्हा डोक्यावर घेतली.

"माल माझाच हाय, बाई," ती हळू म्हणाली. "पन हात कुठंय?"

ती गेली, आणि पुन्हा त्या गल्लीला आली नाही.

तरी सत्यशीला घाबरली नाही. ती घाबरली ती थाप थांबेना तेव्हा. सकाळी सुरू झाली ती उन्हं अंगणाच्या मध्यावर आली तरी चालूच. दोन थापा, गिरकी, हिसका, दोन थापा, गिरकी, हिसका, जसं काही कुणी तिला उठूच देत नव्हतं, जसं पुढ्यातलं पीठ सरतच नव्हतं. आरोही कानात कापूस घालून अंगणात जाऊन बसली. शेवटी सत्यशीलानं फोन लावला.

"ईनबाई, एवढ्या भाकरी कुणाच्या चालल्यात आज तुमच्यात?"

"भाकरी?" बायनाबाई हसली. "आज एकादस न्हाई का? भगर केलीय. तुमी कुठली एकादस धरता म्हना. मुद्रिका ही काय माज्यापुढं बसून शेंगा फोडायलीय. बोला तिच्यासंगं."

"बरी हाय मी, आई," मुद्रिका म्हणाली. आवाज तिचाच होता. आणि सत्यशीलाच्या डोक्यावर, चौकटीत, तिची थाप चालूच होती.

दुसऱ्या दिवशी तिनं पहिली जीप धरली.

वडवणीच्या त्या घरात नाव ठेवायला जागा नव्हती. जावई रविराज पाणी घेऊन समोर आला, पाया पडला. अंगण सारवलेलं. आणि मुद्रिका अशी भरली होती की गालावर लकाकी आलेली, हात गोल झालेले, पंचमीला भरलेल्या बांगड्या मनगटात रुतून बसलेल्या. हनुवटीखालचा तीळ जागच्या जागी. सत्यशीलानं तिच्या तोंडावरून हात फिरवला, बोटं मोडली. आईनं पोरीला असंच बघायची इच्छा धरावी, तशीच ती होती.

"बसा, गरम भाकर खाऊन जावा," बायनाबाई म्हणाली.

मुद्रिका काथवटीपुढं बसली. पीठ मळलं, गोळा घेतला आणि थापायला लागली. हात फिरत होता, भाकरी चंद्रासारखी वाढत होती, तव्यावर पडत होती, फुगत होती. थाप मऊ, लांब, एकामागून एक, मधे गिरकी नाही, हिसका नाही. रुतलेल्या बांगड्या वाजतही नव्हत्या. सत्यशीला घास हातात धरून ऐकत राहिली. सासरी बाईची चाल बदलते, बोलणं बदलतं, तिनं स्वतःला समजावलं. पण अशी थाप तिनं कुणाची ऐकलीच नव्हती. ती बाईमाणसाची वाटतच नव्हती.

"आदी लई आदळआपट करायची भाकरीला," बायनाबाई कौतुकानं म्हणाली. "आता बघा. हाय का काई आवाज?"

सत्यशीलानं ताट बाजूला सारलं. "चार दिवस नेते मी हिला."

तिला वाटलं होतं, नाही म्हणतील, भांडावं लागेल. पदर खोचून भांडायचं ठरवूनच ती आली होती. पण बायनाबाईनं पिशवी आणून दिली. "न्या की. हिला कुटंबी करमतं."

जीपमध्ये मुद्रिका आईच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. श्वास संथ होता, अंग ऊबदार होतं. वाटेतल्या तेलगावपर्यंत सत्यशीला ते डोकं खांद्यावर सांभाळत आली आणि तिनं एकदाही खाली वाकून बघितलं नाही.

घरी पोहोचल्या तेव्हा उन्हं कलली होती. आरोहीला फोन केलेला, म्हणून ती भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यातच उभी होती. लांबून लेक आली की तिच्यावरून तुकडा ओवाळायचा, लांब टाकून द्यायचा. सोबत काही आलं असेल तर ते बाहेरच राहतं. सत्यशीलानं तुकडा तिच्याकडून घेतला आणि मुद्रिकाच्या तोंडावरून ओवाळला.

मुद्रिका मान कलती करून आतला कानोसा घेत होती.

"आई," ती म्हणाली, आणि तिच्या तोंडावर लहान पोरीसारखी भीती होती, "घरात कोण हाय गं? भाकरी कोण थापायलंय?"

आतली थाप थांबली. आत कुणीतरी हात आवरून, कान देऊन ऐकायला लागावं, तशी. एक लेक बाहेर उभी, एक आत गप्प; आणि ओवाळून झालेला तुकडा मुठीत धरून सत्यशीला उंबऱ्यावर उभी राहिली. तो अंगणात टाकायचा की घरात, ते तिला कळेना.